शिमगा ते गणपती: हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, जांभ्याचे उतार आणि आत सरकवलेला लिव्हर

गणपतीच्या आधी सायकल सर्व्हिसिंगला टाकली. तक्रार एकच होती, ओलसर हवेत पुढचा ब्रेक किंचाळतो. परत मिळाली तेव्हा आवाज गेला होता आणि ब्रेकही गेला होता. लिव्हर जीव खाऊन दाबला तरी ढकललं की सायकल चालायला लागते. दुकानातलं उत्तर: "पॅड संपलेत साहेब, वॉरंटीत बसत नाही." घरी आणून पॅड, म्हणजे डिस्क दोन्हीकडून दाबून धरणारे तुकडे, काढले. मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं की पॅड बदलायचे असतात, इथे त्याच्या दुपटीहून जास्त शिल्लक. पण वरचा थर तेलाने काळा आणि चकचकीत, आणि डिस्कवरून बोट फिरवलं तर तीही बुळबुळीत. आवाज घालवायला कुणीतरी सरळ डिस्कवर चेनचा स्प्रे मारला होता.

हे पॅड रेझिनचे, म्हणजे राळेने बांधलेले मऊ, आणि रेझिन पॅड तेल पितात. एकदा मुरलेलं तेल पॉलिश पेपरने घासून वरवर जातं, दोन दिवसांत परत येतं. पैसे पाचशे-सहाशेचेच, पण ते मी का भरायचे? यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. लोक ज्यांच्या हातात आपले ब्रेक सोपवतात, त्यांना डिस्कला तेल लागू द्यायचं नसतं एवढं माहीत असायलाच हवं.

राग दुकानावर आहे, ब्रेकवर नाही. शिमग्यापासून गणपतीपर्यंत, म्हणजे रत्नागिरीचा कडक उन्हाळा आणि पूर्ण पाऊस, हा ब्रेक वापरून झालाय. अल्युमिनियम हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), दोन्हीकडे १६० मिलिमीटरची डिस्क, मिनरल ऑइलचा साधा हायड्रॉलिक सेट. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

मुख्य मुद्दा लिव्हरचा. नव्या सायकलवर लिव्हर ग्रिपला चिकटवून बसवलेला असतो. मग तर्जनी येते लिव्हरच्या मध्यावर, बिजागरीच्या जवळ. तिथे ताकद जास्त लागते, म्हणून माणूस आपोआप दोन-तीन बोटांनी दाबतो. हँडल धरायला उरतो अंगठा आणि करंगळी. खडबडीत उतारावर तेवढ्या पकडीत हँडल हातात राहत नाही, आणि तीन बोटांनी दाबलेला हायड्रॉलिक ब्रेक हळू लागतच नाही, चाक लॉक होतं. लोक म्हणतात डिस्क ब्रेक फार कडक आहे. लिव्हर आत सरकवून बघा आणि मग बोला.

करायचं असं. क्लॅम्पचा बोल्ट ॲलन कीने ढिला करायचा. हात ग्रिपवर नेहमीसारखा ठेवायचा, तळवा बाहेरच्या कडेला. मग लिव्हर आत सरकवत न्यायचा, तर्जनीचं पहिलं पेर त्याच्या टोकाच्या वळलेल्या भागावर अलगद बसेपर्यंत. बहुतेक सायकलींवर दीड-दोन सेंटिमीटर पुरतात. गिअरचा शिफ्टर आड आला तर दोन्ही क्लॅम्पची अदलाबदल करायची. नंतर लिव्हरचा कोन: पेडलवर उभं राहून कोपरापासून बोटापर्यंत हात सरळ रेषेत आला पाहिजे, मनगट मोडता कामा नये. शेवटी लिव्हर ग्रिपपासून किती लांब राहील तो छोटा स्क्रू. बोटं आखूड असतील तर तो फिरवून लिव्हर जवळ घ्या, मात्र ब्रेक पकडतो त्या जागी लिव्हर ग्रिपला टेकू नये. क्लॅम्पही आवळून दगड करायचा नाही. पडल्यावर लिव्हर फिरावा, मोडू नये, इतपतच घट्ट. खर्च शून्य. हे काम विकतानाच करून द्यायला हवं, गिऱ्हाइकाचा हात बघून. कुणीही देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका बोटाचा हट्ट इतका का, ते सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कळतं. आपल्याकडचा उतार एकसारखा नसतो. दहा हात खरखरीत कातळ, त्यावर चाक घट्ट धरतं. पुढे बारीक लाल खडे सुटे, म्हणजे फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवरून चालल्यासारखं. मग आंब्याचा पालापाचोळा, मग वाडीत उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. असल्या जमिनीवर ब्रेक सतत धरून ठेवण्याचा उपयोग नाही. जिथे पकड आहे तिथे, सायकल सरळ असताना, पुढचा-मागचा दोन्ही दाबून वेग मारायचा आणि खडे यायच्या आत सोडायचा. खड्यांवरून चाकं नुसती फिरू द्यायची. वळणाचंही तेच: वेग वळणाआधी कमी, वळणात बोट लिव्हरवर पण दाब नाही. तर्जनी कायम लिव्हरवर असेल तरच हे धरणं-सोडणं वेळेवर जमतं.

पुढच्या ब्रेकची भीती घरोघरी शिकवलेली आहे. "पुढचा दाबू नको, उलटा पडशील" हे प्रत्येकाने आत्या-काकांकडून ऐकलंय. पण ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरत राहतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. उलटून पडतो तो अंग पुढे लोटलं गेल्यामुळे. पेडल आडव्या रेषेत, टाचा खाली, कंबर मागे आणि खाली, हातांनी अंग रोखलेलं, आणि दाब वाढवत नेलेला, झटका नाही. एवढं असेल तर कोरड्या कातळावर पुढचा ब्रेक बिनधास्त वापरा. फक्त कुठल्या हाताला कुठला ब्रेक आहे ते सायकल घेतानाच बघा. स्कूटरची सवय असलेल्यांना उजवीकडे पुढचा लागतो, काही सायकली उलट्या जोडून येतात. हायड्रॉलिकला ते नंतर बदलायचं म्हणजे नळ्या काढून पुन्हा ऑइल भरणं आलं.

एप्रिलपर्यंत माझं मत होतं की १६० ची डिस्क आरे-वारेच्या उतारांना कमी पडते, १८० ची टाकावी. पैसेही बाजूला काढले होते. लिव्हर सरकवल्यावर ते मत बदललं. मोठ्या उतारावर ब्रेक घासत ठेवला की पॅड तापून त्यांच्यावर काच चढते आणि पकड जाते. जोरात धरा, सोडा, पुन्हा धरा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. तेवढ्यावर १६० माझ्या वजनाला पुरते. आंबा घाट भरलेल्या बॅगांसकट उतरणाऱ्याने मात्र मोठी डिस्क घ्यावी.

पावसाने दुसरं मत बदलायला लावलं. उन्हाळ्यात रेझिन पॅडवर मी खूश होतो, आवाज नाही, दाब हळुवार. जुलैच्या चिखलात जांभ्याची रेव पॅड आणि डिस्कच्या मधे बसून दोन्ही खाते. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या पुडीचे कडक पॅड जास्त टिकले असते, पण स्वस्त डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड टाकले तर डिस्कच झिजते. नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की बदलायची. म्हणून मुसळधार पावसात चिखलाची वाट टाळतो आणि घरी आल्यावर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या भागात, साधं पाणी सोडतो. उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेक हलके टेकवून डिस्कवरचं पाणी पुसून घेतो, नाहीतर चाकाच्या पहिल्या फेऱ्यांत ब्रेक उशिरा पकडतो.

शेवाळावर मात्र कुठलंच तंत्र नाही. ओल्या पाखाडीवर पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही. तिथे उतरून चाला. कातळशिल्पांच्या जवळही, उक्षीला काय किंवा कशेळीला काय, सायकल बाहेर ठेवून चालत जा. मागचं चाक घासून थांबायची सवय असलेल्यांना हे मुद्दाम सांगतोय, त्या रेषा पुन्हा कुणी कोरून देणार नाही.

ऑइलबद्दल एक सावधगिरी. बाइकच्या गॅरेजमध्ये डॉट-४ या ब्रेक फ्लुइडची बाटली हाताशी असते आणि मेकॅनिक प्रेमाने "भरून देतो" म्हणतो. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते गेलं की आतली सीलं फुगून खराब होतात. गावी नेताना चाक काढलं तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. पोरांनी चाकाशिवाय लिव्हर दाबला की पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येऊन बसतात.

नवे पॅड शेवटी स्वतःच्या पैशाने आणले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, ते मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, सायकलच्या खास क्लीनरपेक्षा बरंच स्वस्त. मग भाट्याच्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक लावायचा, चाक लॉक न करता, आणि परत तेच, पॅड डिस्कवर बसेपर्यंत. पहिल्या काही वेळा काहीच पकडत नाही, मग हळूहळू धार येते. आता आवाज नाही. १८० च्या डिस्कसाठी ठेवलेले पैसे पुढच्या टायरला जाणार आहेत. जुन्याच्या कडेच्या गुट्ट्या जांभ्यानेच खाल्ल्या. जुने तेलकट पॅड पिशवीत बांधून ठेवलेत, पुढच्या वेळी त्या दुकानाच्या काउंटरवर ठेवायला.