‘कॅमेऱ्यात बघू नका’ की ‘बघा की’: सरळ विनोदी फिल्म आणि मॉक्युमेंटरी

गेल्या गणपतीनंतर तीन वेगवेगळ्या ग्रुपमधल्या पोरांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. पंधरा-वीस मिनिटांची विनोदी फिल्म करायची आहे. फोन आहे, एक बरा माइक आहे, नट आहेत (सांगलीत नटांची टंचाई कधी नव्हतीच). तर सरळ गोष्ट सांगावी की मॉक्युमेंटरी करावी? आमच्या ग्रुपनं दोन्ही करून बघितलंय, पण एकेकदाच, म्हणजे अनुभव तोकडाच. तरी विचारताय म्हणून सांगतो. मॉक्युमेंटरी म्हणजे खोटी गोष्ट खऱ्या डॉक्युमेंटरीच्या थाटात सांगायची: हलता कॅमेरा, पात्रांनी खुर्चीत बसून कॅमेऱ्याला दिलेले बाईट, म्हणजे मुलाखतीतले तुकडे. त्यात जास्त वेळ घालवत नाही.

आमची पहिली फिल्म सरळ होती. हळदीच्या अडत दुकानातला म्हातारा दिवाणजी, मालकाच्या पोरानं आणलेला कॉम्प्युटर आणि दोघांची जुंपलेली. कथा बरी होती, दिवाणजी झालेला नट तर राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेला. शूटिंग मार्केट यार्डात. आणि तिथंच आमची जिरली.

प्रत्येक टेकला मागून कुणीतरी थेट लेन्समध्ये बघायचं. कधी पोतं खांद्यावर घेतलेला हमाल, कधी टेम्पोतला ड्रायव्हर, कधी नुसतंच रिकामं फिरणारं कुणी. सगळ्यात वाईट म्हणजे चहाच्या टपरीवरचा एक पोरगा. हातात ग्लासांचं कडं घेऊन तो फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि पापणी न लववता बघायचा. आम्ही ओरडायचो, “दादा, कॅमेऱ्यात बघू नका!” त्यानं काम आणखी बिघडायचं. कारण बघू नका म्हटल्यावर माणूस न बघण्याचा अभिनय करतो. हमाल पोतं घेऊन असा ताठ चालायला लागला की जणू संचलनच. दिवाणजीच्या एका वाक्यासाठी सतरा टेक झाले. सतराव्यात सगळं जमलं म्हणून आनंदानं घरी आलो, मोठ्या पडद्यावर लावलं, तर उजव्या कोपऱ्यात तोच पोरगा. कॉलनीच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा दिवाणजी डोळ्यांत पाणी आणून बोलत होता, आणि माझी आई शेजारणीला विचारत होती, “तो मागचा कोण गं? त्याचं काय आहे पुढं?”

पैसा असला की हा प्रश्न सुटतो. रस्ता अडवायचा, ज्युनिअर आर्टिस्ट आणायचे. आपल्याकडं दोन्ही होत नाही. शनिवारच्या बाजारात रस्ता अडवायला गेलात तर फिल्म राहील बाजूला.

दुसऱ्या वर्षी मॉक्युमेंटरी केली. एक गणेश मंडळ, त्याचा अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी आणि देखावा. मंडळ खोटं, माणसं खोटी. अध्यक्ष एका बोळात उभा राहून ‘पारदर्शक कारभार’ या विषयावर बाईट देतोय आणि मागं एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन थांबले. हलेनातच. कॅमेऱ्याकडं बघतायत, मग अध्यक्षाकडं, मग पुन्हा कॅमेऱ्याकडं. सरळ फिल्ममध्ये हा टेक कचऱ्यात गेला असता. इथं अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात मोठा हशा त्या आजोबांना मिळाला. खऱ्या बातमीच्या बाईटमागं लोक असेच उभे असतात की नाही? त्यामुळं ती चूक राहतच नाही, उलट तिनं खरेपणा येतो. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला होता, पुढचं सगळं नंतरचं समर्थन समजा हवं तर.

तरी सरळ फिल्मची बाजू मांडायला हवी, कारण तिचे फायदे खरे आहेत. एक, आवाज. सरळ फिल्ममध्ये हॉर्न आला, ट्रॅक्टर गेला, तर संवाद नंतर डब करता येतात. मॉक्युमेंटरीत डबिंग केलं की खेळ खलास. माणूस रस्त्यात उभा आणि आवाज बंद खोलीतला, हे कानाला लगेच कळतं. आम्ही दोन बाईट डब केले आणि दोन्ही कापून टाकावे लागले. दुसरं, एकांत. ‘पंचायत’ या वेब सिरीजमधला सचिव रात्री एकटाच बसलेला असतो, बोलत काहीच नाही, तरी आपल्याला त्याचं कळतं. तिथं कुणी कॅमेरावाला हजर आहे असं मानलं तर तो एकांत उरेल का? तुमची गोष्ट अशी हळवी असेल, शेवटाला एखाद्या आजीचा चेहरा नुसता बघायचा असेल, तर मॉक्युमेंटरीच्या वाटेला जाऊ नका.

नटांचं मात्र उलटसुलट आहे. मला वाटलं होतं, प्रेक्षकांकडं बघून बोलण्याची आपल्याला पिढीजात सवय, बाईट म्हणजे स्वगतच की. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पदांतून कथा सांगायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. तिकडं अमेरिकेत दिग्दर्शक क्रिस्टोफर गेस्टनं आपल्या मॉक्युमेंटरी फिल्म नेमक्या याच पद्धतीनं केल्या. प्रसंगांचा आराखडा लिहिलेला, संवाद नटांनी जागेवर रचायचे. त्याची 1996 ची ‘वेटिंग फॉर गफमन’ जरूर बघा. एका छोट्या गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून गावातले हौशी कलाकार संगीत नाटक बसवतात आणि न्यूयॉर्कहून मोठा माणूस बघायला येणार म्हणून डोळे लावून बसतात. तालमी केलेल्या कुठल्याही सांगलीकराला त्यात आपल्या ओळखीची दोन-तीन माणसं सापडतील, आणि एखादेवेळी आपणही.

तर नटांना हे सोपं जाईल असा माझा हिशेब होता, तो चुकला. स्वगतात पात्र खरं बोलतं. पोटातलं ओठावर आणायलाच ते असतं. बाईट देणारा माणूस मात्र खोटं बोलतो, निदान सारवासारव तरी करतो. आमच्या खजिनदारानं पहिला बाईट दिला तो असा: “मी या पैशातले तीन हजार घरी नेले, पण मला रात्री झोप लागत नाही.” आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. चांगलं स्वगत, पण हसू कुठलं? मग त्याला सांगितलं, तुझ्यासमोर लोकल चॅनेलवाला उभा आहे आणि तुझी बायको हे बघणार आहे. त्यावर तो घसा खाकरून म्हणाला, “तसं बघाय गेलं तर तीन हजार ही रक्कम म्हणजे... आकडा आहे फक्त.” आणि एक क्षण कॅमेऱ्याकडं बघून नजर खाली. हे जमायला एक अख्खा रविवार गेला, पण जमल्यावर लिहिलेल्या संवादापेक्षा भारी निघालं.

ती नजर हाच या प्रकाराचा जीव आहे असं मला वाटतं. 2001 मध्ये बीबीसीवर रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मॉक्युमेंटरी मालिका ‘द ऑफिस’ आली, तिच्यात हशाचं रेकॉर्डिंग नव्हतं. कुठं हसायचं हे सांगायला उरली फक्त पात्राची कॅमेऱ्याकडं टाकलेली चोरटी नजर. चारचौघांत पचका झाल्यावर आपण आजूबाजूला कुणी बघितलं का म्हणून बघतो, तीच. आपल्याकडं, जिथं हरभट रोडवर नवी चप्पल घालून निघालं तरी चार जण विचारतात, तिथं ही नजर कुणाला शिकवावी लागू नये.

आता मॉक्युमेंटरीची खोड, तीही सांगायला हवी. बाईट मिळाला की लेखक आळशी होतो. प्रसंगात विनोद घडतो आणि पाठोपाठ पात्र खुर्चीत बसून तोच विनोद समजावून सांगतं. अमेरिकेतल्या लांबलेल्या मालिकांत हे फार होतं. तिथली ‘द ऑफिस’ 2005 पासून 2013 पर्यंत चालली, नऊ सीझन, दमछाक होणारच. आमच्या पहिल्या कटमध्ये अकरा बाईट होते, शेवटी राहिले पाच. माझा ठोकताळा एवढाच: पात्र बाईटमध्ये जे बोलतं त्याच्या उलट पुढच्या शॉटमध्ये दिसत नसेल तर तो बाईट काढा. फुटेजचाही ढीग होतो. अठरा मिनिटांसाठी आमच्याकडं पाच तास साठले होते, आणि एडिट करणाऱ्या मित्रानं नंतर महिनाभर माझा फोन उचलला नाही.

आणि शूटिंग कोण करतंय, कशासाठी, हा प्रश्न. पडद्यावर त्याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ‘मॉडर्न फॅमिली’ या अमेरिकन मालिकेनं अकरा सीझन कॅमेरावाला दाखवलाच नाही आणि कुणाचं अडलं नाही. अमेरिकन ‘ऑफिस’नं अगदी शेवटच्या सीझनमध्ये माइकवाल्याला फ्रेममध्ये आणलं. 2014 च्या न्यूझीलंडच्या ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’मध्ये तर रक्तपिपासू पात्रांचं शूटिंग करणाऱ्यांनी संरक्षणाला गळ्यात क्रॉस घातल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकलंय. पण तुमच्या मनात उत्तर पक्कं हवं, नाहीतर कॅमेरा बंद दाराच्या आत आधीच कसा पोचला, हे कुणीतरी विचारतंच. आम्ही मंडळाचा सुवर्णमहोत्सव आणि त्यासाठीची स्मरणफीत असं धरून चाललो होतो. त्यामुळं अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर गोड आणि पाठ फिरली की तिखट, हे आपोआप आलं.

दोन्हींच्या मधला रस्ताही आहे, ‘वळू’ आठवा. फिल्म सरळच, पण फॉरेस्ट ऑफिसरचा भाऊ गावात डॉक्युमेंटरी करत फिरतो आणि गावकरी त्याच्या कॅमेऱ्यासमोर आले की बोलायची तऱ्हाच बदलतात. ज्यांना ठरवता येत नाही त्यांनी आधी हे करून बघावं. पण नवख्या माणसाला दोन दरडींवर पाय ठेवणं अवघड जातं, असं आपलं मला वाटतं.

प्रेक्षकांबद्दल एक सावधगिरी. सरळ फिल्म बघून कुणी भांडायला येत नाही. मॉक्युमेंटरी काही लोक खरी समजतात. 1957 च्या एक एप्रिलला बीबीसीनं स्वित्झर्लंडमध्ये झाडांना स्पॅगेटी लागल्याची फिल्म गंभीर चेहऱ्यानं दाखवली, तर झाड कसं लावायचं हे विचारणारे फोन आले होते. आमच्याकडं फोन नाही आला, माणूसच आला. जवळच्याच एका मंडळाचे खजिनदार. “हे आमच्यावर केलंय नव्हं?” नाही म्हणून शपथा घेतल्या. जाताना त्यांनी विचारलं, “मग तीन हजाराचा आकडा तुमाला कुणी सांगिटला?” तेव्हा आकडे लिहिताना जपून, आणि पाटी-बॅनरवर कुठल्याही खऱ्या मंडळाचं नाव येणार नाही हे दोनदा तपासा.

तुमच्याकडं बंद जागा असेल, दोन-तीनच पात्रं असतील आणि गोष्टीला भावनेचा कल असेल, तर सरळ फिल्म करा, छान होईल. पण रस्ता, बाजार, मंडळ, सोसायटीची मीटिंग, लग्नाचा हॉल, म्हणजे जिथं तुमच्या परवानगीशिवाय माणसं येणारच, तिथं मी तरी परत सरळच्या वाटेला जाणार नाही. चुकीचंही असेल माझं. मार्केट यार्डातले ते सतरा टेक ज्यानं काढले नाहीत त्याचं मत वेगळं असू शकतं.

तो चहावाला पोरगा मात्र पुढं आमच्यातच आला. मंडळाच्या फिल्मसाठी त्याला मुद्दाम बोलावलं, फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि म्हटलं, आता खुशाल बघ कॅमेऱ्यात. तीन टेक झाले. गड्यानं एकदाही बघितलं नाही.