लेबलचं भाषांतर, कॉलेज रोड: चार स्टार, एक पार्किंगचा कापला

नाशिकच्या कॉलेज रोडवर भाषांतर करून देणाऱ्या एका मॅडमबद्दल लिहितोय. जिना चढून पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मॅडम एकट्याच असतात, दुपारी भाषांतराची कामं आणि संध्याकाळी फ्रेंच-जर्मनचे क्लास. गाडी लावायला जागा शून्य, मी दोन चकरा मारल्या आणि शेवटी पार लांब लावून चालत आलो, एक स्टार तिथंच गेला.

काम काय होतं सांगतो. आमची द्राक्षाची बाग पिंपळगावकडं, थॉमसन जातीची. एक्स्पोर्टला जो माल बसला नाही त्याचा बेदाणा केला, चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो त्यामुळं ढीग दिसतो तेवढा हाताला काही लागत नाही. मामेभाऊ बेल्जियमला आहे, तो म्हणाला इथल्या एका किराणावाल्याला सॅम्पल दाखवू, पण लेबल इथल्या भाषांत पाहिजे. तिकडं फ्रेंच, डच, जर्मन अशा तीन सरकारी भाषा. पुतण्या इंजिनिअरिंगला, तो म्हणे काका त्यात काय, मी करतो. इंग्रजीतला बेदाण्याचा 'रेझिन' हा शब्द मूळ फ्रेंचच आहे, स्पेलिंग पण तेच, तसाच ठेवू. आणि 'नो प्रिझर्व्हेटिव्ह'ला त्यानं तोच शब्द फ्रेंच वळणाचा करून टाकला. ५०० स्टिकर छापून आले, वेलीचं चित्र-बित्र एकदम झकास.

मॅडमनी स्टिकर हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "दादा, हे छापून झालंय का अजून छापायचंय?" मी म्हटलं झालंय. मग त्या हसायला लागल्या आणि हसत-हसतच सांगितलं की फ्रेंचमधे 'प्रेझेर्वातिफ' म्हणजे कंडोम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आधीपासून राखणं, जपणं एवढाच, इंग्रजांनी तो लोणच्या-जॅमला लावला, बाकी निम्म्या युरोपनं भलतीकडं नेला. स्पॅनिश, इटालियन, पोलिश, रशियन सगळीकडं तोच घोळ, डच-जर्मनमधे पण सापडतो. म्हणजे आमच्या पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यात कंडोम नाहीत. खाण्याच्या पदार्थाला फ्रेंचमधे 'काँसेर्वातर' म्हणायचं, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ म्युझियमचा अधिकारी, तिसरा उजव्या पक्षाचा माणूस. म्हटलं मॅडम, हे पण आमच्या पाकिटात नाहीत, लिहून टाका.

पण खरी गंमत 'रेझिन'ची. फ्रेंचमधे 'रेझँ' म्हणजे ताजं द्राक्ष! सुकलेलं असेल तर मागं 'सेक' जोडायचं, म्हणजे सुकं. आम्ही सुरकुतलेल्या मालावर ताजी द्राक्षं असं छापून बसलो होतो. मूळ लॅटिन 'राकेमुस' म्हणजे घड. स्पेनवाल्यांनी घडच ठेवला, त्यांचा 'रासीमो' अजून घडच आहे, द्राक्षाला ते लॅटिनमधलाच दुसरा शब्द वापरतात, 'उवा'. फ्रेंचांनी घडावरनं मण्यावर उडी मारली. इंग्रजांनी तोच शब्द घेऊन सुकवला. आणि वर कहर म्हणजे इंग्रजी 'ग्रेप' पण फ्रेंचांकडूनच उचललेला, तिकडं 'ग्राप' म्हणजे घड, म्हणजे इंग्रजांनी घडाचा शब्द द्राक्षाला लावला आणि द्राक्षाचा बेदाण्याला, सगळं एकेक घर सरकवून. जर्मन 'रोझीने' आणि डच 'रोझाइन' हे उत्तर फ्रान्सच्या बोलीतून गेलेले, ते मात्र सुकेच. त्यामुळं एकाच लेबलवर तीन ओळींत दिसायला भावंडं असलेले शब्द, पण फ्रेंच ओळीत 'सेक' नसेल तर माल बदलतो.

मी नाशिकच्या केटीएचएम कॉलेजला बीएस्सी केमिस्ट्री केलंय, रेसेमिक मिश्रण (आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे रेणू निम्मे-निम्मे असलेलं) हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. तो पण ह्या घडातलाच! वाइनच्या गाळात सापडलेल्या ॲसिडला घडावरून नाव पडलं, आणि १८४८ मधे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं त्याच्याच क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं एकेक करून वेगळे केले. द्राक्षवाल्या घरात जन्मून हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

मग मी पण आपली फुशारकी मारली. सातपूरला नोकरीत असताना एका बंगाली मित्राला सांगितलं, उद्या तुला घरचा बेदाणा आणतो. त्यानं दुसऱ्या दिवशी पाव किलोची पुडी उघडली आणि माझ्याकडं बघतच राहिला, कारण त्यांच्याकडं बेदाना म्हणजे डाळिंब. फारसीत नुसतं 'बिनदाण्याचं', फळ कुठलं ते ज्यानं त्यानं ठरवलं. बागलाणचं डाळिंब नंतर नेऊन द्यावं लागलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, क्लासला सांगते म्हणाल्या.

आता फक्त भाषांतर म्हणून यांना पैसे देत असाल तर चुकताय. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, खिडकीशी नेले आणि म्हणाल्या, "रंग एवढा पिवळाधमक कसा राहिला? गंधकाची धुरी दिली ना?" मी म्हटलं, थोडी. त्या म्हणाल्या, थोडी म्हणजे काय, युरोपात किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट (धुरीतून मालात उतरणारं गंधकाचं संयुग) असलं की लेबलवर लिहावंच लागतं, आणि मग प्रिझर्व्हेटिव्ह नाही ही ओळ कुठल्याच भाषेत लिहिता येत नाही कारण गंधक हेच प्रिझर्व्हेटिव्ह. आधी लॅबमधून तपासून आणा म्हणाल्या. आणलं, आकडा वर निघाला, ती ओळच उडाली आणि तिच्या जागी सल्फाइटची आली. माल तिकडं पोचल्यावर कळलं असतं तर भावाची इज्जत गेली असती.

तक्रारी आहेत. दोन दिवस सांगून सहा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, मेसेज केला तर रात्री अकराला उत्तर. १८०० घेतले तीन भाषांचे, दर आधी विचारून घ्या. चहा मात्र दर वेळी.

जुने साडेचारशे स्टिकर उरलेत. चित्र छान आहे म्हणून आई ते डब्यांना लावते आणि खालच्या मोकळ्या पट्टीवर पेनानं नाव लिहिते. त्यामुळं सध्या आमच्या घरात हळद, धने आणि गोडा मसाला, सगळ्यांवर फ्रेंचमधे लिहिलंय की यात कंडोम नाहीत. तिला अजून सांगितलेलं नाही.