डॉक्टर स्पिनची ‘टेट्रिस’: काही महिने वाजवल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, ‘टेट्रिस’ या ठोकळे रचायच्या व्हिडिओ गेमच्या चालीवर केलेली ही डान्स रेकॉर्ड जरूर घ्या. पण फडताळात मांडून ठेवायला नको, नाचायला घ्या. बसून ऐकणाऱ्याला ती तिसऱ्या मिनिटाला कंटाळवाणी वाटेल. पाय हलत असतील तर तीच रेकॉर्ड संपल्यावर मुलं ‘परत, परत’ करून ओरडतात. माझ्या वर्गात हे दर शनिवारी घडतं.

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात राहते. शनिवारी सकाळी आसपासच्या मराठी घरांतली मुलं आणि त्यांच्या आया यांचा नाचाचा वर्ग घेते. अर्धा वेळ लेझीम, अर्धा वेळ मोकळा नाच. सुरुवातीला अंग मोकळं व्हायला जोरकस ठोक्याचं काहीतरी लागतं, आणि मोबाइलवरून लावलेल्या गाण्याला मुलं पटकन दाद देत नाहीत. तबकडी फिरताना दिसली, सुई खाली उतरताना दिसली, की सगळी गोळा होतात. म्हणून मी जुनी सात इंची सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या, जमवायला लागले. ही त्यांतलीच एक. चॅरिटी शॉपमध्ये कॉफीच्या कपापेक्षा स्वस्त मिळाली.

रेकॉर्ड १९९२ सालची. कव्हरवरचं ‘डॉक्टर स्पिन’ हे नाव म्हणजे पडदा आहे, त्यामागे अँड्र्यू लॉइड वेबर आणि नायजेल राइट. हो, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतनाटकाचे संगीतकार लॉइड वेबर, ज्यांनी पुढे २००२मध्ये ए. आर. रहमान यांचं संगीत असलेलं ‘बॉम्बे ड्रीम्स’ लंडनच्या रंगमंचावर आणलं. त्याच १९९२मध्ये त्यांनी बार्सिलोना ऑलिंपिकसाठीही गाणं केलं होतं, सारा ब्राइटमन आणि होसे कॅरेरास यांच्या आवाजातलं. एकीकडे ऑलिंपिकचं भव्य द्वंद्वगीत आणि दुसरीकडे गेमच्या चालीवर धडधडणारा डान्स ट्रॅक, एकाच वर्षात. नायजेल राइट हा मुरलेला पॉप निर्माता, शाकाटाक या जॅझ-फंक बँडच्या रेकॉर्डमागेही तोच. ‘टेट्रिस’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. डॉक्टर स्पिन या नावाने पुन्हा कधी असं यश मिळालं नाही.

तेव्हा इथे असल्या रेकॉर्डची लाटच आली होती. लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे तुकडे घेऊन त्यांना रेव्हचा, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्यांतला, जलद ठोका लावायचा, हा धंदा जोरात होता. स्मार्ट ईज या मंडळींनी ‘सेसमी स्ट्रीट’ची चाल घेऊन दुसरा क्रमांक गाठला तोही १९९२मध्येच. त्यामुळे टीकाकारांनी या सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं: गंमत म्हणून ठीक, संगीत म्हणून शून्य. ‘टेट्रिस’बद्दल मला हे मान्य नाही.

कारण या चालीचं कूळच नाचाचं आहे. गेम बॉय या हातात मावणाऱ्या गेम-यंत्रावरच्या टेट्रिसमध्ये संगीत म्हणून ‘ए’ निवडलं की जी चाल वाजते ती ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची. त्याचे शब्द कवी निकोलाय नेक्रासोव्हच्या १८६१मधल्या दीर्घ कवितेतून आलेले. पेटी पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारा तरुण फेरीवाला, पेटीत छीट आणि जरीचं कापड, आणि भावावरून त्याच्याशी लाडीगोडीने घासाघीस करणारी मुलगी. मूळ कवितेचा शेवट रक्तरंजित आहे, पण लोकांनी गाण्यापुरता प्रेमाचा भाग उचलला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या नाचले. सुरुवात संथ, मग टाळ्यांबरोबर वेग वाढत वाढत शेवटी धांदल, अशी ते गाण्याची रीत. गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या हिरोकाझू तानाका यांनी १९८९मध्ये ही चाल गेम बॉयच्या इवल्याशा स्पीकरमध्ये बसवली. तिथे आवाजाला मोजून चार वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक बदलता येण्याजोग्या लहरीची आणि एक नुसत्या खरखरीची. तेवढ्यात त्यांनी सूर, जोडसूर, खर्ज आणि ताल सगळं उभं केलं. मग तीन वर्षांनी लॉइड वेबर आणि राइट यांनी ती चाल पुन्हा डान्स फ्लोअरवर आणली. म्हणजे ती परत आपल्या घरीच आली.

आमच्या वर्गाला कधीमधी पेटी (हार्मोनियम) घेऊन येणारे एक काका आहेत. पहिल्यांदा ही रेकॉर्ड लागली तेव्हा ते म्हणाले, “अगं, ही तर पेटीवर सरळ बसते.” आणि लगेच वाजवून दाखवली. षड्ज धरला की ओळ अशी निघते: प, रे ग म, ग रे, सा, सा ग प, म ग रे, रे ग म, प, ग, सा, सा. गंधार कोमल, ऋषभ शुद्ध. दुसरी ओळ वर चढते: म, ध सां, नि ध प, ग प, म ग रे. इथे धैवत-निषादही कोमल. म्हणजे स्वर सगळे आसावरी थाटाचे, थाट म्हणजे रागांसाठीचा स्वरांचा ठरलेला संच. राग नव्हे, चलन तर मुळीच नाही, पण पंचमावरून थेट ऋषभावर उतरून मग पायरी पायरीने वर जाणं आणि शेवटी षड्जावर दोनदा पाय ठेवणं हे कानाला लगेच ओळखीचं वाटतं. मुलांच्या आज्ज्या टाळ्या धरतात त्या याच जागेवर, त्या दोन ‘सा’वर. त्यांना टेट्रिस म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंही नसतं.

आता वापराबद्दल. लेझमीला ही रेकॉर्ड पूर्ण वेगात चालत नाही. ठोका फार जलद आहे, पूर्ण हात करायला गेलं की लेझीम अडकते. आम्ही दोन ठोक्यांत एक हात धरतो, मग छान बसते. गंमत अशी की लेझमीची छणछण दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडते. ढोबळ यांत्रिक ठोक्यावर खऱ्या लोखंडी चकत्यांचा आवाज चढला की ट्रॅकला जिवंतपणा येतो. पाचव्या-सहाव्या इयत्तेतल्या मुलांना हे सांगावंही लागलं नाही, त्यांनी आपणहून पकडलं.

माझी मोठी तक्रार वेगाचीच आहे, पण दुसऱ्या अर्थाने. लोकगीत वेग घेत जातं. गेमही तसाच, दर दहा ओळी फोडल्या की पातळी वाढते आणि ठोकळे अधिक जलद पडतात. रेकॉर्ड मात्र एकदा पकडलेला वेग शेवटपर्यंत सोडत नाही. ड्रम मशीनवर बांधलेला ट्रॅक असाच राहणार, आणि डीजेला एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जायला तसाच हवा असतो, हे समजतं. तरी या चालीत वेगाची ओढ जात्याच आहे, आणि दोन कसलेल्या संगीतकारांनी ती वापरू नये याचं वाईट वाटतं. शेवटचं एक मिनिट जरी चढतं ठेवलं असतं तर ही रेकॉर्ड आज प्रत्येक लग्नात वाजली असती.

यावर मी माझ्यापुरता उपाय काढलाय. माझ्याकडे जुनं टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबल आहे. त्यावर वेग आठ टक्के वर-खाली करायची पट्टी असते. सुरुवात तळाशी, उणे आठवर करायची आणि चाल पुन्हा फिरून आली की पट्टी थोडी थोडी वर सरकवायची. शेवटी अधिक आठवर पोचेपर्यंत सगळ्यांची दमछाक झालेली असते आणि खोलीत नुसता हशा. झटक्याने सरकवू नका, सूर घसरलेला कळतो. हळूहळू नेलं की नाचणाऱ्याला फक्त पाय जास्त पळताहेत एवढंच जाणवतं.

याच पट्टीचा दुसरा उपयोग काकांनी शिकवला. सुमारे सहा टक्के वेग वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. त्यामुळे रेकॉर्ड पेटीच्या जवळच्या सुरात आणून बसवता येते. एकदा जुळवून घेतलं आणि पट्टी तिथेच ठेवली की पेटी, लेझीम आणि डॉक्टर स्पिन एकत्र. यासाठी साधं, वेग न बदलणारं टर्नटेबल चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

आवाजाची प्रत ठीकठाक. खर्ज भरीव आहे, छोट्या हॉलमध्येही छातीत जाणवतो. वरचे सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे) सूर मात्र टोकदार आहेत आणि रेकॉर्डच्या शेवटी, सुई मध्याकडे सरकते तिथे, ते फुटल्यासारखे येतात. हा दोष सगळ्याच तबकड्यांचा. फेऱ्या तेवढ्याच, पण आतल्या वळणाची लांबी कमी, त्यामुळे तेवढ्याच वेळेतलं संगीत कमी जागेत कोंबलेलं असतं आणि बारीक, उंच स्वरांना पहिला फटका बसतो. माझ्या प्रतीवर आधीच्या कुणीतरी जड सुईने पार्ट्या केलेल्या दिसतात, म्हणून तो जास्त जाणवतो. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड यांनी धुतल्यावर कटकट बरीच गेली, फूट गेली नाही. लंबगोल टोकाची सुई आणि दीड ते दोन ग्रॅम भार यांवर सर्वांत बरी वाजते.

मुलांसाठी ओळीने लावायच्या असतील तर त्याच काळातली ‘सुपरमारियोलँड’ही शोधा, अँबॅसेडर्स ऑफ फंक आणि एमसी मारियो यांची. तीही १९९२मध्येच ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेली होती. त्यात रॅप आहे, मुलांना पाठ होतं. आणि तिच्या मुळाशी असलेलं गेमचं संगीतही तानाकांचंच. एका जपानी संगीतकाराने हातात मावणाऱ्या खेळण्यासाठी केलेल्या कामावर त्या एकाच वर्षात दोन रेकॉर्ड पहिल्या दहांत गेल्या, आणि नाव मात्र इतरांचं झालं. मला हे मनापासून खटकतं, म्हणून वर्गात दोन्ही लावताना मी त्यांचं नाव घेते. इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्सने ‘पॉवर-पिल’ नावाने केलेली ‘पॅक-मॅन’ही त्याच वर्षीची, पण ती फार आक्रमक आहे. मोठ्यांच्या पार्टीत लावा, सकाळी दहा वाजता आठ वर्षांच्या मुलांपुढे नको.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो न वाढणाऱ्या वेगासाठी. विकत घेताना दुकानात हेडफोन मागा आणि सुरुवात न ऐकता शेवटचं अर्धं मिनिट ऐका. तिथे सूर स्वच्छ आले तर बाकीची बाजू चांगलीच निघते. फुटत असतील तर प्रत तशीच परत ठेवा. ही रेकॉर्ड दुर्मीळ नाही, थोडा शोध घेतलात की दुसरी मिळेल.