पीएच.डी. प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी आणि ‘अँकी’ : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून

विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२४ मध्ये नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून या परीक्षेतल्या एकेका प्रश्नाचे मोल वाढले. ज्यांना जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळत नाही, परंतु जे प्रवेशासाठी पात्र ठरतात, त्यांच्या गुणवत्ता यादीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. शिवाय हे गुण एकच वर्ष चालतात. पहिल्या पेपरातील ५० प्रश्नांपैकी पाच प्रश्न उताऱ्यावर असतात, म्हणजे दहा गुण. आकडा लहान वाटतो, पण इंग्रजी वाचनाची खरी परीक्षा त्या पाच प्रश्नांपुरती नसते. विधान आणि कारण यांची सांगड घालणारे प्रश्न, संशोधन पद्धतीवरचे लांबलचक पर्याय, दुसऱ्या पेपरातील विषयाचे प्रश्न हे सगळे इंग्रजीतून वाचूनच सोडवायचे असतात आणि दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्नांना तीनच तास मिळतात.

भाषाविषय वगळता प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. मराठी माध्यमातून एम. ए. झालेले अनेक विद्यार्थी लिपी ओळखीची म्हणून हिंदी स्तंभ वाचू लागतात आणि तेथे वेगळ्याच अडचणीत सापडतात, कारण मराठीत ज्याला आपण संशोधन म्हणतो त्याला हिंदीत शोध किंवा अनुसंधान म्हणतात आणि हिंदीतील ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो, असा नियमही आहे. तेव्हा इंग्रजी वाचनाची तयारी टाळून या परीक्षेला बसता येते, असे मला वाटत नाही. या तयारीसाठी ‘अँकी’ हे उजळणीचे ॲप कितपत उपयोगी आहे, हे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून येथे तपासले आहे. मी ते स्वतः दीर्घकाळ वापरले आहे आणि विद्यार्थ्यांनाही वापरायला लावले आहे.

अँकी २००६ पासून उपलब्ध आहे. संगणकावर ते विनामूल्य आहे. अँड्रॉइड फोनसाठी स्वयंसेवकांनी तयार केलेले ‘अँकीड्रॉइड’ हे स्वतंत्र ॲप आहे आणि तेही विनामूल्य व जाहिरातींशिवाय चालते. आयफोनवरील अधिकृत ॲपला मात्र एकदाच, पण चांगली रक्कम मोजावी लागते. मिळत्याजुळत्या नावांची आणि दरमहा पैसे मागणारी इतरही ॲप्स फोनवरील ॲपच्या दुकानात दिसतात, तेव्हा नाव आणि निर्माता नीट पाहूनच उतरवून घ्यावे. देवनागरी अक्षरे कार्डावर व्यवस्थित दिसतात आणि एकदा कार्डे फोनवर आली की इंटरनेटशिवायही अभ्यास होतो. एस. टी.तून रोज तालुक्याच्या गावी ये-जा करणाऱ्यांना ही सोय फार मोलाची आहे.

अँकीमागची कल्पना साधी आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर; उत्तर मनाशी दिल्यावर ते कितपत आठवले याप्रमाणे ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’ किंवा ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबायचे आणि तो शब्द पुन्हा केव्हा समोर यावा हे ॲप ठरवते. जो शब्द पक्का झाला तो आठवड्यांनी, मग महिन्यांनी येतो. जो निसटतो तो लगेच परततो. वहीत शब्दार्थ लिहून पहिल्या पानापासून घोकत बसण्याची जी पद्धत आपल्याकडे शाळेपासून चालत आली आहे, तिच्यात येत असलेल्या शब्दांवरच सर्वाधिक वेळ जातो. अँकीने हा अपव्यय खरोखरच थांबवला आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘एफएसआरएस’ या नव्या गणितामुळे उजळणीच्या तारखा प्रत्येकाच्या स्वतःच्या स्मरणाप्रमाणे अधिक चोख ठरतात. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी, असा माझा आग्रह राहील.

मात्र ॲपचे सारे यश कार्ड कसे केले आहे यावर अवलंबून आहे आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. इतरांनी तयार केलेले हजारो शब्दांचे डेक, म्हणजे कार्डांचे संच, फुकट मिळतात. त्यांतील पुष्कळसे परदेशी प्रवेशपरीक्षांसाठी जमवलेले असतात आणि त्यांत नेटच्या उताऱ्यात सहसा न भेटणारे दुर्मीळ शब्द भरलेले असतात. आपल्या परीक्षेत अडवणारे शब्द निराळे आहेत. ते ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. ‘वॉरंट’ म्हटले की आपल्याला पोलीस आठवतात. ‘क्रिटिकल’ म्हटले की अतिदक्षता विभागातला रुग्ण. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे. पण उताऱ्यात ‘द डेटा डू नॉट वॉरंट धिस कन्क्लूजन’ असे वाक्य आले, तर उपलब्ध माहिती त्या निष्कर्षाला पुरेसा आधार देत नाही, असा त्याचा अर्थ होतो; आणि लेखकाने आपले विधान ‘क्वालिफाय’ केले, असे म्हटले असेल तर त्याने त्या विधानाला मर्यादा घातली आहे. हा अर्थ ठाऊक नसलेला विद्यार्थी शब्द येत असूनही प्रश्न चुकतो.

म्हणून कार्डावर सुटा शब्द कधीच लिहू नये. वाचलेल्या उताऱ्यातील संपूर्ण वाक्य घ्यावे, त्यातला नेमका शब्द गाळावा आणि मागच्या बाजूला तो शब्द, त्या वाक्यातला त्याचा अर्थ आणि शक्य तेथे मराठी पारिभाषिक प्रतिशब्द लिहावा. गाळलेल्या जागेचे असे कार्ड करण्याची ‘क्लोज’ नावाची सोय अँकीत आहेच. मराठी प्रतिशब्दासाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. ते संकेतस्थळावरही शोधता येतात. एम. ए.ला ‘गृहीतक’, ‘चल’, ‘नमुना निवड’ हे शब्द मराठीतून नीट समजलेले असतील, तर ‘हायपोथिसिस’, ‘व्हेरिएबल’ आणि ‘सॅम्पलिंग’ या शब्दांसाठी नवी संकल्पना शिकायची नसते, फक्त जोडणी करायची असते, आणि अशी कार्डे सर्वांत लवकर पक्की होतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याजवळ असलेले हे भांडवल आहे आणि त्याने ते निःसंकोच वापरावे.

कोणते शब्द आधी घ्यावेत, याचे उत्तम उत्तर वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत मिळते. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांच्या लेखनातून ५७० शब्दकुले, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे समूह, त्यांनी निवडली आणि वारंवारतेनुसार त्यांचे दहा गट केले. शैक्षणिक लेखनातील साधारण दहा टक्के शब्द या सूचीतले असतात. पहिल्या गटातच ‘अझ्यूम’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘डिराइव्ह’, ‘इंटरप्रिट’, ‘सिग्निफिकंट’ हे शब्द आहेत आणि नेटचा पहिला पेपर उघडून पाहिला की ते पानोपानी भेटतात. सूची तशीच्या तशी अँकीत भरू नये. जुने उतारे वाचताना तिच्यातला शब्द भेटला की त्या वाक्यासह त्याचे कार्ड करावे.

आता मर्यादा. अँकी वाचन शिकवत नाही. मला हे ठासून सांगावेसे वाटते, कारण रोजची उजळणी पूर्ण झाल्याचे समाधान इतके खरे असते की विद्यार्थी त्यालाच अभ्यास समजू लागतात. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की ठिबक सिंचन घेतलेल्या काही गावांत एकरी पाणी कमी लागले, परंतु वाचलेले पाणी कदाचित उसाचे क्षेत्र वाढवण्यात गेले असावे. प्रश्नाच्या पर्यायांत ‘ठिबक सिंचनामुळे गावाच्या पाण्याची बचत होते’ असे एक वाक्य असते. ते शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला अनुभवाने पटते आणि तो ते निवडतो. उतारा मात्र तसे म्हणत नाही, उलट त्याबद्दल शंका घेतो. येथे कोणताही शब्द अवघड नाही. ‘काही’, ‘कदाचित’, ‘परंतु’ या शब्दांचे वजन ओळखणे आणि आपल्याला माहीत असलेले बाजूला ठेवून लेखकाने लिहिले तेवढेच वाचणे, ही सवय कार्डांनी लागत नाही. त्यासाठी मागील प्रश्नपत्रिकांतील उतारे वेळ लावून सोडवावे लागतात आणि प्रत्येक चुकलेल्या पर्यायाला उताऱ्यातले कोणते वाक्य खोडून काढते ते बोट ठेवून दाखवावे लागते. परीक्षा संगणकावर होते, तेव्हा हे उतारेही पडद्यावरच वाचावेत. कागदावर पेन्सिलीने रेघा मारत वाचण्याची सवय असलेल्यांना तेथे आधार सुटल्यासारखे होते. याशिवाय एखाद्या इंग्रजी दैनिकातील संपादकीय रोज वाचून त्याचा सारांश चार ओळींत मराठीतून लिहावा. मराठीत लिहिताना अर्धवट कळलेले झाकता येत नाही.

वापरातल्या काही गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. ॲप रोज २० नवी कार्डे दाखवते. हा आकडा आठ-दहावर आणावा, नाहीतर काही आठवड्यांतच रोजच्या उजळणीचा आकडा शंभराच्या पुढे जातो आणि गावी लग्नकार्य निघाले, चार दिवस खंड पडला, की साचलेला ढीग पाहून लोक ॲपच काढून टाकतात. असा ढीग साचला तर तो उपसेपर्यंत नवी कार्डे पूर्ण बंद ठेवावीत. शब्द आठवला नसेल तर ‘अगेन’च दाबावे; ‘हार्ड’ हे बटण कष्टाने का होईना, पण आठवलेल्या शब्दासाठी आहे आणि त्याच्या चुकीच्या वापराने पुढच्या सगळ्या तारखा बिघडतात. एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की ॲप त्यावर आपोआप खूण करते. तेथे दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसून कार्डाचा असतो. निराळे वाक्य घेऊन ते नव्याने करावे. ॲपची सेटिंगे सुरुवातीला किचकट वाटतात आणि मराठीतून ती समजावून सांगणारे चांगले साहित्य माझ्या पाहण्यात आलेले नाही, ही उणीव मला मनापासून खटकते.

ज्या विद्यापीठांची स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेशपरीक्षा, आहे, तेथे निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. त्यासाठी पारिभाषिक शब्दांचा वेगळा डेक करणे पुरेसे आहे. परीक्षेला सहा महिने असतील त्यांनी अँकी आजच सुरू करावे. महिनाच उरला असेल, तर मात्र नवे ॲप शिकण्यात वेळ घालवू नये आणि तो सगळा वेळ जुन्या प्रश्नपत्रिकांतील उताऱ्यांना द्यावा.