‘लोडवर तपासलेला’ पॉवर सप्लाय आणि माझे १६,१५० रुपये

१२ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर २०२४ या चाळीस दिवसांत एका माणसाने माझ्याकडून १६,१५० रुपये घेतले, दोन जुन्या संगणकांचे पॉवर सप्लाय (घरातली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारे डबे) दुरुस्त न करता दुरुस्त म्हणून परत दिले, आणि त्यापायी माझा कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक कायमचा गेला. हे लिहायला मला इतके महिने लागले, याचे कारण लाज. मी अठ्ठावीस वर्षे वीजतंत्री विषय शिकवला आहे. ओहमचा नियम ज्याने फळ्यावर शेकडो वेळा लिहिला, त्यालाच ओहमच्या नियमावर फसवले गेले, हे बेळगावात चारचौघांत सांगणे सोपे नव्हते. परंतु तोच माणूस अजून जाहिराती देतो आहे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जुनी यंत्रे जपणारी माझ्यासारखी माणसे आहेत. म्हणून आता गप्प बसणार नाही.

माझ्याकडे दोन यंत्रे आहेत. पहिले बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ पासून हे यंत्र देशातल्या निवडक शाळांत आले, आणि मी पहिल्यांदा ज्याच्या कळांवर बोट ठेवले तो संगणक हाच. पुढे कित्येक वर्षांनी तसेच एक यंत्र भंगारात निघालेले दिसले, तेव्हा मी भाव न करता उचलले. दुसरे यंत्र म्हणजे माझ्या मेव्हण्याने मस्कतहून आणलेला कमोडोर ६४. दोन्ही चालू होती, परंतु सप्लाय जुने. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी चढते, तिथे सप्लायमधल्या, वीज साठवणाऱ्या चाळीस वर्षांच्या कपॅसिटरची काय कथा. बीबीसीच्या सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला जे फिल्टर कपॅसिटर असतात, त्यांच्या पिवळसर पारदर्शक आवरणाला वयाने भेगा पडतात, भेगांतून आतल्या कागदात ओल शिरते आणि एके दिवशी ते धूर काढून फुटतात, हे मला माहीत होते. कमोडोरच्या विटेसारख्या सप्लायची गोष्ट याहून वाईट आहे. त्यातला व्होल्टेज स्थिर ठेवणारा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज खाली जाण्याऐवजी वर चढते आणि यंत्रातल्या मेमरी चिप जळतात. हेही माहीत होते. म्हणूनच तर मी वेळेवर दुरुस्ती करून घ्यायला निघालो होतो.

मग स्वतः का केली नाही, असे पुष्कळांनी विचारले. त्याच वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि बारीक सोल्डरिंग मला झेपत नव्हते. शिवाय मी शिकवले ते वायरिंग आणि मोटारी. स्विच मोड सप्लाय (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा) माझा विषय नाही. त्याच्या आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते राहू शकतात. अधू नजरेने तिथे हात घालू नये, एवढे शहाणपण मी दाखवले. हा निर्णय चुकला असे मी आजही मानत नाही. चुकला तो माणूस निवडण्याचा निर्णय.

तो मला एका सुट्या भागांच्या दुकानात भेटला. दुकानदाराचा यात काही संबंध नाही. जुन्या संगणकांचेच काम करतो म्हणाला. कपॅसिटरचे आकडे त्याला पाठ होते, बोलणे आपल्याकडचे, पहिल्या पाच मिनिटांत मला ‘सर’ आणि घरी आल्यावर माझ्या पत्नीला ‘वहिनी’. सीमेलगतच्या एका गावात त्याचा भाड्याचा गाळा होता. पहिल्या दिवशी २,५०० रुपये रोख आगाऊ घेतले. आठ दिवसांनी ‘बाहेरून पार्ट मागवायचे आहेत’ म्हणून ५,८०० रुपये यूपीआयने. बीबीसीच्या सप्लायला लागतात ते ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे एक्स-टू दर्जाचे (मेन्सच्या विजेवर वापरायचे) कपॅसिटर मी पुढे स्वतः आणले, तेव्हा एक १८ रुपयांना आणि दुसरा १२ रुपयांना मिळाला. ज्या दुरुस्तीवाल्याला ‘बाहेरून’ पार्ट लागतात, त्याला पार्टचा नंबर विचारा आणि तो नंबर घेऊन दुसऱ्या दुकानात भाव काढा. हे मी केले असते तर निदान ५,८०० रुपये वाचले असते.

सप्टेंबर लागला. गणपती झाल्यावर देतो, अनंत चतुर्दशी झाल्यावर देतो, असे चालले होते. मध्येच ‘पूर्ण लोडवर (म्हणजे सप्लायला पूर्ण विजेचा भार ओढायला लावून) टेस्ट करून देतो, त्याचे वेगळे’ म्हणून ४,२५० रुपये पुन्हा यूपीआयने घेतले. मी म्हटले, टेस्ट माझ्यासमोर करायची. तो लगेच तयार झाला, आणि माझा उरलेला संशय तिथेच संपला.

२१ सप्टेंबरला मी गाळ्यावर गेलो. आता जे सांगतो ते मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या किती वेळा पाहिले असेल, याचा हिशेब नाही. टेबलावर बीबीसीचा सप्लाय, त्याला मल्टिमीटर लावलेला, आकडा ५.०४, अगदी स्थिर. पाच व्होल्टच्या तारांना लोड म्हणून एक पांढरा चौकोनी सिमेंट रेझिस्टर (विजेला अडवून तापणारा भाग) जोडलेला. तो म्हणाला, “सर, फुल लोड हाय. पावणेचार अँपिअर. हात लावून बघा की, गारढोण!” मी हात लावला. रेझिस्टर खरोखरच गार होता. आणि मला बरे वाटले!

पाच व्होल्टवर ३.७५ अँपिअर म्हणजे १८.७५ वॅट. एवढी उष्णता त्या बोटभर रेझिस्टरमध्ये निघाली असती तर माझ्या बोटाचे कातडे त्याला चिकटले असते. हा हिशेब मी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून तोंडी करून घेत असे. लोड गार आहे याचा अर्थ लोड नाही, एवढाच होतो. सप्लाय चांगला आहे असा होत नाही. त्या वेळी मी कौतुकाने फोनवर व्हिडिओ काढला होता. घरी येऊन तो थांबवून मोठा करून पाहिला, तर रेझिस्टरवर ‘५ वॅट १०० ओहम’ असे स्वच्छ छापलेले होते. म्हणजे त्यातून वाहत होते फक्त ०.०५ अँपिअर आणि उष्णता पाव वॅट. खऱ्या लोडसाठी तिथे जेमतेम १.३३ ओहमचा, तीस-चाळीस वॅट सोसणारा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेला वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर हवा होता. छापलेला आकडा माझ्या डोळ्यांपुढे होता. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनाही तो दिसला असता, जर मी तिकडे पाहिले असते. मी मीटरवरच्या ५.०४ कडे पाहत होतो.

उरलेले ३,६०० रुपये मी तिथेच रोख मोजून दिले आणि दोन्ही सप्लाय पिशवीत घालून एसटीने घरी आलो.

त्याच रात्री बीबीसी लावला. ओळखीचा दुहेरी आवाज आला, पडद्यावर अक्षरे उमटली. वीस-एक मिनिटांनी आधी वास आला, मग सप्लायच्या फटींतून पांढरा दाट धूर. प्लग ओढला. पुढे एका जुन्या विद्यार्थ्याकडून डबा उघडून घेतला, तर आत तेच पिवळट कपॅसिटर, कारखान्यातल्याच सोल्डरवर बसलेले. जो फुटला नव्हता त्याच्या आवरणावर वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा होत्या, आणि त्या भेगांवरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवलेला होता. नखाने खरवडल्यावर त्याची पापडी निघाली. माझ्या ५,८०० रुपयांचे पार्ट ते हेच. सुदैवाने हा कपॅसिटर फुटला तरी यंत्राला सहसा इजा होत नाही, तशी झाली नाही.

कमोडोरच्या बाबतीत सुदैव नव्हते. धुरानंतर मी सावध झालो होतो. लावण्यापूर्वी सप्लाय स्वतः मोजला, ५.०८ व्होल्ट आले आणि मी समाधान मानले. पुन्हा तीच चूक, थंड सप्लाय आणि शून्य लोड. यंत्र अर्धा तास चालले आणि पडदा काळा झाला. त्याच तापलेल्या अवस्थेत मोजले तर ६.८ व्होल्ट. पाच व्होल्टच्या चिपना ५.२५ च्या वर जाऊ देऊ नये. रेग्युलेटर बदलला असे त्याने शपथेवर सांगितले होते. पण हा सप्लाय राळेत ओतून बंद केलेला असतो, ती राळ फोडल्याखेरीज रेग्युलेटरला हातच लागत नाही. खालचे झाकण काढले, तर राळेचा पृष्ठभाग आरशासारखा अखंड. कोणी हा सप्लाय ‘दुरुस्त’ करून देतो म्हणाला तर काढलेली राळ दाखव म्हणावे. त्याहून बरे, तो सप्लाय वापरूच नये, नवा घ्यावा, आणि मध्ये जास्त व्होल्टेजला तोडणारे सर्किट बसवावे.

आता तक्रारीची गोष्ट. ती सांगताना माझा रक्तदाब आजही वाढतो.

तेवीस दिवस मी लाजेपोटी गप्प होतो, ही माझी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे खात्यात अडवण्याची शक्यता असते. मी केला तोवर ते खाते रिकामे होते. बँकेच्या शाखेत उत्तर मिळाले की पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा. आमच्या भागातल्या ठाण्यात मराठी अर्ज घेऊन गेलो. कानडीत आणा, म्हणाले. मला कानडी बोलता येते, वाचता येते, पण कपॅसिटर आणि लोडची तक्रार कानडीत मांडण्याइतके येत नाही. २०० रुपये देऊन लिहून घेतली. ती वाचून अधिकारी म्हणाले, गाळा सीमेपलीकडे आहे, तिकडे जा. पलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथे कानडीतला कागद चालेना! मराठीत पुन्हा लिहिला. तेव्हा म्हणाले, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडे जा, आणि तसेही हे दुरुस्तीचे भांडण आहे, दिवाणीत जा. एकाच तक्रारीच्या दोन भाषांतल्या दोन प्रती हातात धरून मी त्या पायऱ्यांवर उभा होतो, आणि दोन्ही राज्यांत ती घेणारा एक माणूस मला सापडत नव्हता.

हद्दीचे हे कारण कायद्यात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. हे मी छापून नेले आणि तिसऱ्या फेरीत टेबलावर ठेवले. ते त्यांनी वाचले, घडी घातली आणि मला परत दिले. चार फेऱ्या, दोन राज्ये, एकूण ७८० रुपयांचे एसटी भाडे, आणि हातात शिक्का मारलेली एक पोचपावती, जिच्यावर पुढे काहीही झालेले नाही. चोरीला गेलेली वस्तू सोन्याची असती तर वेगळे झाले असते, असे मला वाटते. जुन्या संगणकाचा सप्लाय म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे येते, ते मी चार वेळा पाहिले.

आता ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, पाच लाखांच्या आत शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. माझ्याकडे बिल नाही, हा तिथला माझा सर्वांत मोठा कमकुवतपणा. बिल नाही म्हणणाऱ्याच्या हाती सप्लाय देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. देण्यापूर्वी डबा उघडता येत असेल तर आतले फोटो काढा आणि जुन्या पार्टवर मार्करने खूण करा. काढलेले पार्ट परत मागा. गाडीच्या गॅरेजमध्ये आपण मागतोच ना? परत आलेला सप्लाय पहिल्यांदा सिरीज बल्बवर (मेन्सच्या तारेत मध्ये एक बल्ब जोडून) लावा, यंत्राला न जोडता, आणि खऱ्या लोडवर किमान अर्धा तास तापवून मगच मीटरकडे पाहा. ज्यांच्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना संगणक आहे त्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी: त्याच्या ९ व्होल्टच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, बाजारातला अॅडॉप्टर बहुधा उलटा.

बीबीसी आता चालतो. तीस रुपयांच्या दोन कपॅसिटरवर, माझ्या विद्यार्थ्याने बसवलेल्या. कमोडोर कपाटात आहे.

गेल्या महिन्यात त्या दुरुस्तीवाल्याची नवी जाहिरात मला दिसली. नाव वेगळे, फोन वेगळा, गाव सीमेच्या आणखी थोडे आत. फोटोत टेबल आहे, मीटरवर ५.०४ आहे आणि तारांना तोच पांढरा चौकोनी रेझिस्टर लावलेला आहे. फोटो मोठा करा आणि त्यावर छापलेला आकडा वाचा.