गळ्यापासून खाली की तुकडे जोडून?

क्रोशेचा टॉप विणायचा तर पॅटर्न बहुधा या दोनपैकी एका पद्धतीचा असतो. गळ्यापासून सुरू होणाऱ्या रॅगलनमध्ये (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाणारी बाही) चार कोपऱ्यांवर खांब, म्हणजे क्रोशेचे उभे टाके, वाढवत खाली यायचं. याचं मोठं सुख म्हणजे विणता विणता घालून बघता येतं. काख घट्ट वाटली, तर दोन ओळी उसवा आणि पुढे चला. लांबीही आपल्या मर्जीची. शिवण जवळजवळ नाहीच. मात्र जड सुती धाग्यात खांद्याला आधार देणारी शिवण नसल्यामुळे असा टॉप वापरून वापरून खाली ओघळतो.

तुकड्यांच्या पॅटर्नमध्ये पाठ, पुढा, बाह्या वेगळ्या विणायच्या. प्रवासात एक बाही सहज नेता येते, आणि खांद्याची शिवण आकार धरून ठेवते. पण फिटिंग कळतं ते शेवटी, शिवल्यावर. त्यामुळे इथे १० सेंमीचा नमुना विणून, धुऊन, मगच मोजायला हवा. (रॅगलनलाही हवाच, पण तिथे चूक लवकर दिसते.)

पहिल्याच कपड्यासाठी मी हलक्या धाग्यातलं रॅगलन निवडेन. नेटकी जाकिटं मात्र तुकड्यांचीच. दोन्हींत मुक्या खांबांनी (आखूड, घट्ट टाक्यांनी) गच्च भरलेला पॅटर्न मी टाळते. कापड ताठ होतं, अंगावर पडत नाही.