अ‍ॅन्सिबल की पपेट? डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडक्शनसाठी
सर्व्हरची सेटिंग आपोआप लावणारी ही दोन्ही टूल्स वापरलीत म्हणून सांगतो, दहा-वीस सर्व्हर असतील तर सरळ अ‍ॅन्सिबल घ्या, सर्व्हरवर एजंट (मागे चालत राहणारा छोटा प्रोग्राम) टाकायची भानगड नाही, एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) आणि पायथन असलं की झालं, आणि डेव्ह (डेव्हलपमेंट), स्टेजिंग (चाचणी), प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापर) यांची इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरची यादी, वेगळी ठेवली की प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची फाइल, तेच राहतं, फक्त व्हेरिएबल बदलतात. चालवण्याआधी चेक मोडमध्ये (काहीही न बदलता) डिफ, म्हणजे काय बदलेल ते, बघाच बघा!

पण कोणी रात्री प्रॉडक्शनवर हाताने एनजिनएक्स या वेब सर्व्हरची फाइल बदलली, तर अ‍ॅन्सिबलला पुढच्या रनपर्यंत पत्ताच नसतो. पपेटचा एजंट डिफॉल्टने दर 30 मिनिटांनी तपासतो आणि फाइल पूर्ववत करतो. शेकडो मशीन असतील तर मला हेच पटतं, शिकायला जड असलं तरी.